जुना पीसी पैसे न घालता पळतो का? माझं मत: बहुतेकदा पळतो

सड्यावरून
रत्नागिरीत संथ पीसी कुठेही दाखवायला न्या, उत्तर ठरलेलं: एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी बसवायची वेगवान चिपची डिस्क) टाका, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवा, नाहीतर नवीन घ्या. घरगुती वापराच्या बऱ्याच मशीनना यातलं काहीच लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी बघा. प्रिंटरचा हेल्पर, कधीकाळी टाकलेलं टोरंट, व्हिडिओ कॉलची ॲप्स, सगळी मंडळी मशीन सुरू होताच पंगतीला बसलेली असतात. उठवा त्यांना. अँटिव्हायरस दोन असतील तर एक काढा, विंडोजचा डिफेंडर पुरतो. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर मोकळा करा. तरीही रडत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घ्या, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली की आराम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. म्हणजे आज ना उद्या हा विचार करायचाच आहे.

खाडीपलीकडे
स्टार्टअप बंद केलं की मशीन लवकर सुरू होतं, फार तर थोडी रॅम सुटते. त्याच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघड. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर, असं दिसलं की रोग कळला. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी फिरती डिस्क विखुरलेल्या फायली सेकंदाला फार तर शंभरेक वेळा उचलते, साधी साटा एसएसडी हजारो वेळा. कुठलं सेटिंग हा फरक भरून काढणार? आणि लिनक्स टाकलंस तरी ब्राउझर तोच, यूट्यूब तेच.

सड्यावरून
ब्राउझरचं खरं आहे. पण पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय एसएसडीने जात नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकून बघ, मराठी बातम्यांची पानंसुद्धा हलकी होतात!

देवगडकर
तुमचा भांडाण ऱ्हवांदे, आदी कॅबिनेट उघडा. आपल्याकडची हवा दमट आणि खारी. धूळ कोरडी राहत नाही, हीटसिंकवर, म्हणजे सीपीयू गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, थापली जाते. सीपीयू तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. सकाळी बरा आणि अर्ध्या तासाने गोगलगाय, असं होत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. ब्रश मारा, सीपीयूवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली असेल तर बदला. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने घासा, मीठ बसतं तिथे. आणि लॅपटॉप असेल तर चार्जरची पिन बघा. काही लॅपटॉपना चार्जर ओळखता आला नाही तर ते सीपीयूला मुद्दाम रांगायला लावतात. पिन गंजली की तेच.

खाडीपलीकडे
चार्जरचं मान्य. पण रॅमवर मीठ बसून मशीन संथ होत नाही, ते सुरूच होत नाही, नाहीतर निळा स्क्रीन येतो.

देवगडकर
दोन पट्ट्यांपैकी एक दिसेनाशी झाली तर? ८ जीबीचे ४ होतात, मशीन चालू राहतं आणि उरलेलं काम तुझ्या त्याच डिस्कवर जाऊन पडतं. एकदा बघ की टास्क मॅनेजरमध्ये, रॅम पूर्ण दिसते का.

दाखलेवाली
लिनक्स सुचवण्याआधी समोरच्याचं काम काय ते विचारत जा. आमच्या दाखल्यांच्या केंद्रात डिजिटल सहीचा टोकन आहे, अंगठ्याचं मशीन आहे, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेल्या जुन्या फायली आहेत. सगळं विंडोजवर बसवलेलं. दहावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागलेली असताना मी ड्रायव्हर शोधत बसू? विंडोज १० चे सुरक्षा अपडेट नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मी ते घेतले. ॲनिमेशन बंद केली, नको ती सॉफ्टवेअर काढली. वेग जेमतेम वाढला, पण काम अडत नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करणारी ॲप्स मात्र कुणी टाकू नका, फायदा शून्य आणि बिघडायची भीती.

आणखी एक. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते आठवा. अशा झटक्यांनी डिस्क खराब होते, म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या ॲपने तिची तब्येत बघा. ‘कॉशन’ (सावधान) दिसलं तर सेटिंगं राहू दे, फायली बाहेर काढा.

सड्यावरून
तुमच्या केंद्राला लिनक्स नको, कबूल. मी घरच्या मशीनबद्दल बोलत होतो. त्यांनी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघावं. इन्स्टॉल करायची गरज नाही, विंडोजला धक्का नाही.

खाडीपलीकडे
जरूर बघावं. पेनड्राइव्हवरून सुसाट चाललं तर दोष डिस्कचाच, हेही सिद्ध होईल.

सड्यावरून
किंवा विंडोजचा.