४१व्या क्रमांकाचं श्रेय नक्की कशाचं?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर संघाने निकोला योकिचला ४१व्या क्रमांकावर उचललं, म्हणून त्यांचं व्यवस्थापन ड्राफ्टमध्ये (म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत) सगळ्यांत हुशार, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. त्याच २०१४च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरकडे त्याआधी १६वा आणि १९वा क्रमांक आला होता. त्यांनी १६व्यावर युसुफ नुर्किच घेतला, म्हणजे योकिचसारखाच सेंटर, बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू! १९व्यावर गॅरी हॅरिस. योकिच पुढे तीनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) होणार याचा नुसता वास जरी आला असता, तरी त्याला ४१पर्यंत कुणी थांबू दिलं नसतं. बाकीच्या संघांनी जशी त्याला बगल दिली, तशी डेन्व्हरनेही दिलीच होती. २०१२मध्ये गोल्डन स्टेट संघाचंही तेच झालं. आधी ७वा हॅरिसन बार्न्स, ३०वा फेस्टस इझेली, आणि मग ३५वा, पुढे तिघांत सरस ठरलेला ड्रेमंड ग्रीन.

माझ्या मते डेन्व्हरचं खरं कौतुक पुढच्या निर्णयांसाठी व्हायला हवं. योकिचला त्यांनी एक वर्ष सर्बियातच खेळू दिलं, मग त्याला आणि नुर्किचला एकत्र खेळवून पाहिलं. ते जमेना, तेव्हा फेब्रुवारी २०१७मध्ये नुर्किचला पोर्टलंड संघाकडे पाठवलं, तेही सोबत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची एक निवड देऊन. वरच्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू सोडून खालच्यावर विश्वास टाकायचा म्हणजे आपलीच जुनी क्रमवारी चुकली हे उघड मान्य करायचं. हे भल्याभल्या संघांना जमत नाही. म्हणून कुणाची पारख चांगली हे ठरवताना एका निवडीपेक्षा त्या वर्षीच्या सगळ्या निवडी, तिघंही खेळाडू, एकत्र मोजा.