आयव्हन राइटमन : दिग्दर्शकाचे श्रेय कशात शोधावे?

धरमपेठकर
नागपुरातील आमचे छोटे चित्रपट-मंडळ दर महिन्याला एका दिग्दर्शकाच्या कारकिर्दीवर चर्चा करते आणि येत्या रविवारी कॅनडाचे आयव्हन राइटमन यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) पुन्हा पाहिला. हसू येते ते नट बिल मरे यांच्यामुळे, दिग्दर्शकाचा स्वतंत्र ठसा मात्र मला कोठे सापडत नाही. मग त्यांचे श्रेय कशात शोधावे?

महालकर
आरंभापासून पाहावे. राइटमन यांचा जन्म १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील कोमार्नो येथे झाला. त्यांची आई ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचली होती, आणि १९५० मध्ये हे कुटुंब कॅनडात आले. मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी संगीत शिकले, पुढे दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या सुरुवातीच्या भयपटांची निर्मिती केली. ऑन्टॅरिओत चित्रित झालेल्या ‘मीटबॉल्स’मध्ये (१९७९) त्यांनी बिल मरे यांना प्रथमच मुख्य भूमिका दिली. ज्या नटामुळे आपल्याला हसू आले, तो नट निवडून त्याला मोकळे सोडणारा माणूसही हाच आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही.

नाट्यवेडा
महालकरांशी सहमत आहे, पण केवळ नटनिवडीवर थांबू नये. ‘घोस्टबस्टर्स’मध्ये विद्यापीठातून काढलेले प्राध्यापक घर गहाण ठेवतात, अग्निशमन दलाची जुनी इमारत घेतात, मोडकी गाडी विकत घेतात, दूरचित्रवाणीवर जाहिरात देतात आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात, म्हणजे भुते पकडणे हा एक नवा, तोट्यातला धंदा म्हणून अत्यंत गांभीर्याने उभा केला जातो. भोवतालचे जग असे ठाम असल्यामुळेच मरे यांचे बेफिकीर वाक्य हसवते. हा तोल लेखक आणि नट यांच्याइतकाच दिग्दर्शकाचा आहे.

महालकर
‘ट्विन्स’ (१९८८) विसरू नये. मारधाडीच्या चित्रपटांतील आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यात विनोदी नट पाहणे हे धाडसच होते, आणि राइटमन, श्वार्झनेगर व सहनट डॅनी डीव्हिटो यांनी नेहमीचे मानधन सोडून नफ्यात वाटा घेतला. श्वार्झनेगर-डीव्हिटो ही जोडी ‘ज्युनिअर’मध्ये (१९९४) मात्र मला फिकी वाटते, कारण तेथे कल्पनाच सगळा भार वाहते.

नाट्यवेडा
माझ्या मते सर्वांत परिपक्व चित्रपट ‘डेव्ह’ (१९९३) आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या जागी बसलेला त्याच्यासारखा दिसणारा साधा माणूस आपल्या हिशेबनीस मित्राला बोलावून देशाचे अंदाजपत्रक तपासतो, आणि तो प्रसंग घरखर्चाच्या वहीइतका खरा वाटतो.

धरमपेठकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी रविवारी आधी ‘डेव्ह’मधील हाच प्रसंग दाखवीन आणि त्यानंतर भुतांच्या धंद्याकडे वळेन.