दुभाष्यामार्फत सांगितलेले पालकांपर्यंत नेमके पोहोचले, हे कसे ओळखावे?

प्रश्न:
मी बालरुग्ण कक्षात परिचारिका आहे. काल तापातून सावरलेल्या एका बाळाला घरी सोडताना त्याच्या आईची भाषा मला येत नव्हती आणि दुभाषी लगेच मिळेना, म्हणून तिच्या दहा वर्षांच्या मुलीलाच मध्ये घेतले. मी बरेच काही सांगितले, मुलीने ते दोन-तीन शब्दांत उरकले आणि आईने मान हलवली. तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. प्रशिक्षित दुभाषी असला, तरी खात्री कशी करावी?

उत्तर १:
भावंडाला दुभाषी करू नये. मूल शब्द चुकवते एवढेच नाही, तर आई घाबरेल असे वाटले की ते गाळून टाकते आणि पुढे बाळाचे काही बिघडले तर दोष स्वतःकडे घेते. प्रत्यक्ष दुभाषी नसेल, तर दूरध्वनीवरून घ्यावा. जीवावरचा प्रसंग असेल तर समोर असेल त्याची मदत घ्यावीच लागते, मात्र दुभाषी मिळताच सगळे पुन्हा सांगावे.

उत्तर २:
‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक पालक ‘हो’च म्हणतात, म्हणून मी तो विचारत नाही. बाटली आणि मात्रा मोजण्याची सिरिंज आईच्या हाती देते आणि घरी जसे देणार तसे भरून दाखवायला सांगते. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रमाणांत मिळते. त्यामुळे ‘एक चमचा’ याचे भाषांतर अगदी बिनचूक झाले, तरी बाटली बदलताच बाळाच्या पोटात दुपटीहून अधिक औषध जाऊ शकते. ही चूक दुभाष्याच्या लक्षात येणार नाही, ती आपल्यालाच पकडावी लागते. चिठ्ठीही पालकांच्या भाषेतच असावी, कारण इंग्रजीत ‘एकदा’ या अर्थाने लिहिलेला ‘वन्स’ हा शब्द त्याच अक्षरांत स्पॅनिशमध्ये ‘अकरा’ होतो.

उत्तर ३:
आत जाण्यापूर्वी दुभाष्याला दोन मिनिटे विषय सांगावा. बोलताना नजर आईकडे ठेवावी, ‘त्यांना विचारा’ असे न म्हणता थेट तिलाच विचारावे आणि एका वेळी एकच गोष्ट सांगून थांबावे. मूल बोलण्याइतके मोठे असेल, तर कुठे दुखते हे दुभाष्यामार्फत त्यालाही विचारावे. हे फार वेळा राहून जाते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. दुभाष्याला सोबत घेऊन आजच त्या आईला दूरध्वनी करते आणि बाटलीवरचा आकडा तिलाच वाचायला सांगते.