उतारावर ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलला टाकावी का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
पेट्रोल शंभरीपार जाऊन आता सवयीचं झालंय, तरी विषय काढतोच. माझी गाडी सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक. खंबाटकी घाट असो की कात्रजचा नवा बोगदा संपल्यावरचा उतार, पुढे रस्ता मोकळा दिसला की मी लिव्हर डीवरून (ड्राइव्ह) एनवर (न्यूट्रल) ढकलतो. आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा सात-आठशेवर येतो, गाडी सुसाट सुटते आणि मीटरवरचा मायलेजचा बार थेट टोकाला जाऊन बसतो. सोसायटीत हे बोललो तर चार जणांनी 'गिअरबॉक्सची वाट लागेल' म्हणून झापलं, पण कशी लागेल ते एकालाही सांगता आलं नाही. इथे कुणी सांगेल का? 'कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय' हे उत्तर नको.

टॅपेटकाका
गिअरबॉक्स राहू द्या, आधी पेट्रोलचंच बघू. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, पेट्रोल शून्य. एनला टाकलं की चाकांशी संबंध तुटला; मग इंजिन चालू राहायला पेट्रोल लागणारच. बाराशे सीसीचं इंजिन आयडलिंगला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरायला वीस मिनिटं धरा. दोनेकशे मिली, म्हणजे वीसेक रुपये. वाचवायला निघालात आणि वर खिशातले घालून आलात.

तो बार फसवा आहे. बहुतेक गाड्यांत त्याची पट्टी तीस-चाळीसला संपते. ताशी साठच्या वेगात न्यूट्रलचा हिशेब केला तर लिटरला ऐंशीच्या वर येतो, गिअरमध्ये पेट्रोल बंद असताना तर आकड्याला अर्थच नाही. दोन्ही वेळा बार टोकालाच! ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं) साधं यंत्र लावून इंधनाचा दर बघा, फरक लगेच दिसेल.

पद्मिनी, ॲम्बेसिडरच्या काळात पाय काढला तरी कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जायचंच, तेव्हा जुन्या ड्रायव्हरांना नावं ठेवू नका. त्यांचं गणित त्यांच्या इंजिनाचं होतं.

टिपूसभर
काका, अर्धंच सांगितलंत. पेट्रोल बंद होतं ते इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर असेल तोवरच, साधारण हजार-बाराशे. ऑटोमॅटिक डीमध्ये वरचा गिअर धरते, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे थेट जोड, सुटलं की आरपीएम खाली येतो आणि इंजेक्टर पुन्हा सुरू. 'डी म्हणजे शून्य' असं सरसकट नाही.

दुसरं म्हणजे गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं. तीव्र उतारावर ते हवंच असतं. पण हायवेवर जेमतेम जाणवणारा उतार असेल तर डीमध्ये गाडी मंदावते आणि पुन्हा पाय द्यावा लागतो. एनमध्ये तीच गाडी कितीतरी लांब जाते. फोक्सवॅगनच्या काही डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाड्या इको मोडमध्ये हेच करतात: पाय काढला की क्लच सुटतो, गाडी मोकळी धावते. म्हणजे जर्मन इंजिनिअरने केलं तर तंत्रज्ञान, साताऱ्याच्या माणसाने केलं तर मूर्खपणा?

कृष्णाकाठ
हेच म्हणायचं होतं!

टॅपेटकाका
तुम्ही खंबाटकी म्हणाला होतात. तो काय 'जेमतेम जाणवणारा' उतार आहे?

आणि टिपूसभर, त्या गाडीत ब्रेकला पाय लागला की संगणक स्वतःच गिअर परत जोडतो, आरपीएम जुळवून. तुमच्या हाताला ते जमतं का? इंजिन आठशेवर, गाडी ऐंशीने, अशात एनवरून डी टाकला की फरक भरून काढताना आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात. एकदा-दोनदा काही होत नाही, पण रोज दहा वेळा करून लाखभर किलोमीटर झाल्यावर बघा. आणि इंजिन बंद करून उतरणार असाल तर हातच जोडतो. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइल पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद, तेलाचा दाब बंद. बंद पडलेली ऑटोमॅटिक चाकांवर लांब ओढत नेऊ नका म्हणतात ते त्यासाठीच.

दगडी_बंगला
तुम्ही दोघं मिलिलिटर मोजताय म्हणून मी उष्णता मोजतो. माणसांसकट गाडी १,४०० किलो. लोणावळा ते खोपोली साडेपाचशे मीटरची उतरण. होतात सुमारे ७५ लाख ज्यूल. निम्मे वारा आणि टायर खातात असं धरलं तरी उरलेल्यात बारा लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलला असाल तर सगळं चार चाकांच्या ब्रेकवर. अमृतांजन पूल होता (२०२० मध्ये पाडला) तिथल्या वळणांनंतर करपलेल्या लायनरचा वास येतो ना, तो हाच. पेडल लागतं, पण गाडी आवरत नाही.

कृष्णाकाठ
बोरघाटात मी एनला टाकतो असं कुठे म्हणालो?

धायरीकरीण
कात्रजच्या बोगद्यानंतरच्या उताराचं तर म्हणालात की. तो उतार नवले पुलापाशी संपतो आणि आम्ही तिथेच राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने याच उतारावर एकामागून एक अनेक गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासातून आल्याच्या बातम्या होत्या. ट्रकचे एअर ब्रेक, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर; इंजिन बंद, तर हवा भरणंही बंद. तुमच्या कारची गोष्ट वेगळी, मान्य. पण 'पुढे रस्ता मोकळा दिसला' हे त्या उतारावर फार तर पाच सेकंद खरं असतं. सर्व्हिस रोडवरून दुचाक्या कधी आत घुसतील याचा नेम नाही.

टिपूसभर
घाटात आणि तीव्र उतारावर माझाही विरोधच आहे, ताई. तिथे नुसता डीसुद्धा पुरत नाही. सीव्हीटीला एल (लो) किंवा एस (स्पोर्ट), एएमटीला (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र चालवतं) मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा. एएमटी डीवर सोडली की उतारावर शहाणपणा करून वरचा गिअर टाकते, मग ब्रेकच दाबत बसा. माझं म्हणणं फक्त जवळजवळ सपाट, रिकाम्या हायवेपुरतं आहे.

कृष्णाकाठ
बोगद्यानंतर यापुढे एस. वाईजवळच्या सपाटीला मात्र मी एन टाकणार. पेट्रोल माझं, क्लचही माझाच.

नवशिका_चालक
जरा अवांतर: सिग्नलला उभं असताना एन की डी?

टॅपेटकाका
कन्व्हर्टर असेल आणि मिनिटभराचा सिग्नल असेल तर एन, थोडं वाचतं. एएमटीत ब्रेक दाबलेला असताना क्लच आपोआप सुटलेला असतो, तिथे फरक नाही. पाय मात्र ब्रेकवरच ठेवा. चांदणी चौकाकडच्या चढावर परवा एक जण एनमध्ये मोबाईल बघत मागे येत होता.