मदत हवी आहे: पानाच्या स्टार्च चाचणीत झाकलेला भागही काळानिळा येतोय

हिरवापाला
सातवीच्या वर्गासाठी ‘प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो’ हा प्रयोग बसवायचा आहे. आत्ताची कृती अशी: कुंडीतली जास्वंद एक रात्र खोक्याखाली. सकाळी पानांच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी, फक्त वरच्या बाजूने, टाचणी टोचून. तीन तास ऊन. मग पान पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, नंतर गरम पाण्यात उभ्या केलेल्या परीक्षानळीत स्पिरिटमध्ये. बाहेर काढलं की लगेच आयोडीन. आयोडीन म्हणजे जखमेवर लावायचं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, न पातळ करता.

निकाल: सगळं पान मातकट, मध्येमध्ये काळेनिळे डाग. पट्टीची कड कुठे होती तेच कळत नाही. नेमकं कुठे बिघडतंय? आणि हे ३५ मिनिटांच्या तासात कसं बसवायचं?

चंचुपात्र
या प्रयोगात रसायनांचा भाग शेवटी येतो, निकाल त्याच्या बराच आधी ठरलेला असतो. एका रात्रीत पानातला स्टार्च बराच कमी होतो, पण पूर्ण संपेलच असं नाही. अंधारात पान साठवलेल्या स्टार्चची साखर करून वापरतं आणि इतर भागांकडे पाठवतं, त्याला वेळ लागतो. ४८ तास संपूर्ण अंधार द्या. खोक्याच्या फटी चिकटपट्टीने बंद करा, कपाट असेल तर उत्तमच. पाणी आधीच घालून ठेवा.

४८ तासांनी ऊन द्यायच्या आधी एक पान तोडून त्याची चाचणी घ्या. ते तपकिरी-पिवळं राहिलं तरच पुढे जा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग निकाल चुकला की आयोडीनला बोल लावतात.

पट्टी दोन्ही बाजूंनी हवी. खालून येणारा परावर्तित प्रकाशही पानाला पुरतो. जाड काळा कागद दुमडून पानावर बसवा आणि दोन यू-पिना लावा. टाचणीने भोक पडतं, पेशी दुखावतात, शिवाय कागद हलतो. ऊन ४ ते ६ तास, थेट.

आता मातकट रंगाचं. त्यामागे तीन वेगवेगळी कारणं दिसतात.

एक, हरितद्रव्य पुरतं निघालेलं नाही. उरलेला हिरवा आणि आयोडीनचा तपकिरी मिळून शेवाळी रंग होतो. त्यात पाच मिनिटं उकळल्यामुळे हरितद्रव्य स्वतःच ऑलिव्ह-तपकिरी पडतं. उकळत्या पाण्यात एक मिनिट पुरे. पेशी मराव्यात, पटलं फुटावीत आणि आयोडीनला आत वाट मिळावी, एवढंच तिथे साधायचं असतं.

दोन, गरम पानावर आयोडीन. स्टार्चच्या साखळीच्या वेटोळ्यात आयोडीन अडकतं म्हणून निळा-काळा रंग येतो. गरम असताना ते वेटोळं सैल पडतं आणि रंग जातो, थंड झाल्यावर परत येतो. पान आधी थंड पाण्यात बुडवा. अल्कोहोलने पान ठिसूळही झालेलं असतं. पाण्यात अर्धा मिनिट ठेवलं की ते मऊ होतं आणि न मोडता पांढऱ्या टाइलवर पसरता येतं.

तीन, आयोडीन फार दाट. ५ टक्क्यांच्या पोव्हिडोनमध्ये दुप्पट पाणी घाला. रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. बाटलीवर ‘सोल्यूशन’ लिहिलेलं बघून घ्या, ‘स्क्रब’ प्रकारात साबण असतो. द्रावण घरी करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड १० मिली पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन टाका, ते पूर्ण विरघळल्यावरच १०० मिलीपर्यंत पाणी घाला. क्रम उलटा केला तर आयोडीनचे खडे तळाशी तसेच बसतात, कारण नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं. गडद रंगाच्या बाटलीत ठेवा आणि दर वेळी आधी बटाट्याच्या ताज्या कापावर एक थेंब टाकून पाहा. तिथे काळं झालं नाही तर द्रावण बाद.

द्रावण पानावर २-३ मिनिटं राहू द्या, मग पाण्याने धुवा आणि पान खिडकीसमोर धरून पाहा. टाइलवर नुसतं काळं वाटणारं पान उजेडात धरलं की पट्टीची कड अगदी रेघ मारल्यासारखी दिसते, शिरांच्या बाजूची छटाही वेगळी कळते.

पर्णरंध्र
वरच्या सगळ्याला +१, पण मूळ मांडणीतच एक फट आहे. घट्ट बसवलेला कागद प्रकाश अडवतो तशी हवाही अडवतो. पर्णरंध्रं झाकली गेली तर कार्बन डायऑक्साइड आत जाणार कुठून? एखाद्या चौकस मुलाने ‘सर, कागदाखाली हवा नव्हती म्हणून स्टार्च झाला नाही’ असं म्हटलं तर एवढ्या प्रयोगातून त्याला खोडता येत नाही.

उपाय सोपा आहे. त्याच झाडाच्या दुसऱ्या पानावर तेवढ्याच आकाराची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तशाच यू-पिनांनी लावा. तिच्याखालचा भाग निळा-काळा आला आणि काळ्या कागदाखालचा तपकिरी राहिला, तर फरक प्रकाशाचाच. पारदर्शक पट्टीखालीही रंग फिका आला तर पट्टी फार आवळली गेली आहे. दोन्हीकडे थोडी सैल करून पुन्हा करा.

निष्कर्ष लिहून घेतानाही जपून. आयोडीन प्रकाशसंश्लेषण दाखवत नाही, स्टार्च दाखवतं. पान आधी साखर बनवतं, स्टार्च हा तिचा साठा. म्हणूनच कांद्याची पात या प्रयोगाला चालत नाही. ती दिवसभर उन्हात असली तरी पातीत स्टार्च साठवत नाही, चाचणी नकारात्मक येते. ‘झाकलेल्या भागात स्टार्च तयार झाला नाही’ एवढंच निरीक्षण, पुढचं अनुमान वेगळ्या ओळीत.

थंडपाणी
वेळ आणि सुरक्षिततेबद्दल. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे ते तापवायला ज्योतीची गरजच नाही, गरम पाणी पुरतं. २५० मिलीच्या चंचुपात्रात १५० मिली उकळतं पाणी घ्या, दिवा विझवा, बाजूला न्या, मगच अल्कोहोलची बाटली उघडा. वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरपटत दुसऱ्या गटाच्या ज्योतीपर्यंत पोचते. एका टेबलावर स्पिरिट आणि शेजारच्यावर पेटता दिवा हे समीकरण नकोच. रुंद परीक्षानळी, तिचा एक तृतीयांश भाग अल्कोहोल, पान गुंडाळून पूर्ण बुडालेलं. पाच-सहा मिनिटांत पाणी निवतं, ते बदला. अल्कोहोल गर्द हिरवं झालं आणि पान अजून हिरवंच असेल तर अल्कोहोलही बदला. सॅनिटायझर जेल वापरू नका, पाणी आणि चिकट द्रव्यांमुळे रंग नीट निघत नाही.

मुलांच्या हाती स्पिरिट द्यायचं नसेल तर थंड पद्धत: आदल्या दुपारी पान तोडा, लगेच एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा (त्याने विकरं थांबतात, स्टार्च आहे तसा राहतो) आणि झाकणाच्या बाटलीत अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा. मऊ, पातळ पानं सकाळपर्यंत फिकी होतात. जाड किंवा मेणचट पानांना ही पद्धत पुरत नाही. मग तासाला फक्त पाण्यात मऊ करणं, आयोडीन, धुणं, चित्र काढणं. २० मिनिटांत आटोपतं आणि उरलेला वेळ पर्णरंध्र यांच्या शंकेवर वाद घालायला मिळतो, जो माझ्या मते खऱ्या प्रयोगापेक्षा मोलाचा.

हिरवापाला
धन्यवाद, अंधार आणि तपासणीचं पान हेच राहून गेलं होतं. अजून दोन शंका. पांढरे पट्टे असलेलं पान (मनी प्लांट) याच पद्धतीने चालेल का? आणि हाताला लागलेलं आयोडीन कशाने जातं?

चंचुपात्र
चालेल, पण तिथे प्रश्न बदलतो. प्रकाश नव्हे, हरितद्रव्य लागतं का, हे तपासलं जातं. पट्टी नको. तोडल्याबरोबर पान कागदावर ठेवून त्याची कड आणि पांढरे-हिरवे भाग पेन्सिलीने उतरवून घ्या. अल्कोहोलमधून बाहेर आल्यावर सगळं पान एकाच फिकट रंगाचं होतं, नकाशा नसेल तर तुलना कशाशी करणार? मनी प्लांटचं पान जाडसर असतं, गरम पद्धत वापरा आणि कोवळं पान निवडा.

डागांवर क जीवनसत्त्वाची गोळी थोड्या पाण्यात चुरून लावा, आयोडीनचं रंगहीन आयोडाइड होतं. फक्त तेच बोट नंतर चाचणीच्या पानाला लावू नका, तिथलाही रंग जाईल.