व्हरमाँटच्या विंडसर काउंटीत दफन झालेले राजकारणी: यादी कशी करावी?

पानगळ:
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली विंडसर काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) घेऊन तिथे दफन झालेल्या राजकारण्यांची यादी करते आहे. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज (प्लिमथ नॉच) आणि सिनेटर जेकब कोलॅमर (वुडस्टॉक) ही दोन नावं पक्की आहेत, पुढे अडलं आहे. व्हरमाँटच्या खासदारांची नावं एकेक करून तपासते आहे, पण हा रस्ता बरोबर आहे का? काउंटीच्या कार्यालयात दफनांची नोंदवही मिळते का? शिवाय थडग्यांवरच्या जुन्या संगमरवरी दगडांच्या फोटोंत अक्षरंच दिसत नाहीत.

नकाशाघर:
रस्ता थोडा बदला. राज्यावरून खासदार शोधलेत तर या काउंटीतली मोठी नावंच सुटतील. विल्यम इव्हार्ट्स न्यूयॉर्कचे सिनेटर होते (१८८५–१८९१), त्याआधी परराष्ट्रमंत्री. १९०१ मध्ये वारले ते न्यूयॉर्क शहरात, पण दफन झालं विंडसर गावच्या अस्कटनी दफनभूमीत. खुद्द कूलिज मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. म्हणून शोध दफनाच्या जागेवरून घ्या. अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत चरित्रकोशात बहुतेक नोंदींच्या शेवटच्या ओळीत दफनभूमी आणि गाव दिलेलं असतं, त्या ओळीत गावाचं नाव शोधा.

काउंटीकडे नोंदवही नसते. न्यू इंग्लंडात (व्हरमाँट ज्यात येतं तो ईशान्येकडचा प्रदेश) खरा कारभार टाउनचा; टाउन म्हणजे काही खेडी मिळून होणारा स्थानिक कारभाराचा घटक. काउंटी म्हणजे मुख्यतः न्यायालयाची हद्द. विंडसर काउंटीत २४ टाउन आहेत. जन्म-मृत्यूचं दप्तर त्या त्या टाउन क्लार्ककडे (टाउनचा दप्तर सांभाळणारा अधिकारी), आणि दफनभूमी टाउनने निवडलेल्या आयुक्तांकडे किंवा स्थानिक मंडळाकडे. तेव्हा २४ टाउनचे २४ तक्ते करा आणि प्रत्येक नोंदीत खेडं आणि टाउन दोन्ही लिहा. प्रॉक्टर्सव्हिल हे खेडं कॅव्हेंडिश टाउनमध्ये येतं. नुसतं खेड्याचं नाव लिहिलं की पुढच्या माणसाला दप्तर कुठे मागायचं ते कळत नाही.

आता कोणाला वगळायचं ते. जॉर्ज पर्किन्स मार्श वुडस्टॉकचे, पण १८८२ मध्ये इटलीत वारले आणि रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत आहेत. त्यांचे वडील चार्ल्स मार्श, तेही काँग्रेस सदस्य, मात्र वुडस्टॉकच्या रिव्हर स्ट्रीट दफनभूमीतच आहेत. कोलॅमरही तिथलेच. सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टर जन्मले प्रॉक्टर्सव्हिलला, पण दफन शेजारच्या रटलंड काउंटीत, प्रॉक्टर गावी. सिनेटर जस्टिन मॉरिल यांचं गाव स्ट्रॅफर्ड हे विंडसर काउंटीच्या शारन आणि नॉर्विच टाउनना लागून आहे खरं, पण ते ऑरेंज काउंटीत मोडतं. जन्मगावावरून किंवा नुसत्या जवळिकीवरून यादी केली की मार्श (मुलगा), प्रॉक्टर आणि मॉरिल चुकून आत येतात.

घ्यायचेच असे आणखी दोन: स्प्रिंगफील्डच्या समर हिल दफनभूमीतले सिनेटर राल्फ फ्लँडर्स (१९५४ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थींविरुद्ध निषेधाचा ठराव आणणारे) आणि लडलोच्या प्लेझंट व्ह्यू दफनभूमीतले जॉन सार्जंट, कूलिज यांच्या मंत्रिमंडळातले अॅटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख).

दप्तरी:
वरच्या उत्तराला एक जोड. यादीची खालची मर्यादा आधीच ठरवा, नाहीतर काम कधीच संपणार नाही. १९६५ पर्यंत व्हरमाँटच्या विधानसभेत लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक टाउनला एक प्रतिनिधी होता. सभागृह २४६ जणांचं. म्हणजे एकट्या विंडसर काउंटीतून प्रत्येक सभेला २४ जण. त्यामुळे रस्त्याकडेच्या तीस दगडांच्या दफनभूमीतही एखादा माजी आमदार सापडतो. काँग्रेस, गव्हर्नर आणि केंद्रीय मंत्री यांची एक यादी, राज्य विधिमंडळाची दुसरी, अशी विभागणी सोयीची. कूलिज यांचे वडील जॉन या दुसऱ्या यादीत येतात. मुलाशेजारी आहेत म्हणून पहिल्या यादीत घालू नका.

दगडावर ‘ऑनरेबल’चं (माननीय) लघुरूप दिसलं म्हणजे माणूस राजकारणी होता असंही नाही. व्हरमाँटमध्ये काउंटी न्यायालयात मुख्य न्यायाधीशाशेजारी बसणारे निवडून आलेले सहायक न्यायाधीश असतात. त्यांना कायद्याची पदवी लागत नाही. ‘जज’ ही उपाधी बहुतेक वेळा तिथून आलेली असते. त्यांना घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवलेलं सगळीकडे सारखं पाळा.

‘ज्युनियर’बद्दलही सावध राहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याचा अर्थ ‘मुलगा’ असा असेलच असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो की नात्यात नसलेला कोणी. थोरला वारला की धाकट्याचं ‘ज्युनियर’ गळून पडायचं. त्यामुळे आमदाराचं नाव आणि दगडावरचं नाव जुळलं तरी मृत्यूचं साल आणि पत्नीचं नाव जुळल्याशिवाय नोंद पक्की धरू नका.

शिळाछाप:
अक्षरांबद्दल. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसातल्या आम्लाने वरचा थर विरघळतो, दगड हाताला साखरेसारखा रवाळ लागतो आणि उथळ कोरीव काम आधी जातं. त्याच दफनभूमीतले त्याहून जुने स्लेटचे दगड पुष्कळदा स्वच्छ वाचता येतात.

वाचायला दगड घासायची गरज नाही, उजेड तिरका पाडा. साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा साधा आरसा घ्या. एकाने तो दगडाच्या बाजूला धरून सूर्यप्रकाश पृष्ठभागावर जवळजवळ समांतर सोडायचा, दुसऱ्याने समोरून फोटो काढायचा. आरसा थोडा थोडा फिरवत चार-पाच फोटो घ्या. एका कोनात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उठतं. ढगाळ दिवशी काळ्या कापडाखाली बाजूने विजेरी धरली तरी चालतं. सूर्य दगडाच्या पाठीमागे असताना काढलेला फोटो वाया जातो. तुमच्याकडच्या फोटोंत बहुधा हेच झालं असावं.

खडू, पीठ, दाढीचा फेस, ब्लीच आणि तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. फेसातली आम्लं संगमरवरात मुरतात, ब्लीचमधले क्षार आत राहून पुढे पापुद्रे काढतात. शेवाळ फारच असेल तर आयुक्तांची परवानगी घेऊन, दगड आधी भरपूर भिजवून, स्वच्छ पाणी आणि मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश, खालून वर. दगड डुगडुगत असेल किंवा टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल तर त्याला हात लावू नका.

जागेचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत नोंदवा; तेवढ्यात सुमारे एक मीटरची अचूकता लिहिता येते.

पानगळ:
खूप मदत झाली. एका दगडावर जन्मतारीख नाही, फक्त मृत्यूची तारीख आणि ‘वय ७१ वर्षं ७ महिने ९ दिवस’. राज्याच्या जुन्या मृत्यू-कार्डावरही हेच आहे. दोन पुरावे धरू का?

दप्तरी:
नाही. ती कार्डं टाउन क्लार्कांनी नंतर नक्कल करून बनवलेली आहेत आणि १८७० पूर्वीची पुष्कळ कार्डं थेट थडग्याच्या दगडावरून उतरवलेली आहेत. तसं असेल तर तो एकच पुरावा दोनदा मोजला जातो. नोंद कुठून घेतली ते कार्डावर आहे का पाहा, नसेल तर टाउनच्या मूळ वहीचं पान मागा.

तारीख काढताना आधी वर्षं, मग महिने, मग दिवस वजा करा. मृत्यू ६ मे १८८९ असेल तर ६ मे १८१८, मग ६ ऑक्टोबर १८१७, मग २७ सप्टेंबर १८१७. यादीत ही तारीख ‘वयावरून काढलेली’ असं लिहा. महिन्यांचे दिवस कमीजास्त असल्याने एखाद-दोन दिवसांचा फरक पडू शकतो.

आणि हिवाळ्यातल्या मृत्यूंना दफनाची तारीख वेगळी निघाली तर ती चूक समजू नका. जमीन गोठलेली असताना शवपेटी वसंतापर्यंत दफनभूमीच्या बांधीव कोठडीत ठेवत. जानेवारीतला मृत्यू आणि मे महिन्यातलं दफन, दोन्ही बरोबर असू शकतं.