‘रेप्लिका’ घड्याळाला मराठीत काय म्हणायचं?

संगममाहुली: लग्नसराईत हमखास दिसणारं घड्याळ: पातळ केस (म्हणजे बाहेरचं धातूचं कवच), चामडी पट्टा, डायलवर कार्तिये नाहीतर पाटेक असल्या महागड्या कंपनीचं नाव आणि किंमत हजार-दोन हजार. जाहिरातीत ‘रेप्लिका’, बोलण्यात ‘फर्स्ट कॉपी’. मराठीत लिहायचं तर ‘प्रतिकृती’ चालेल का? शब्दकोश तोच देतो, पण कानाला खटकतो.

हरिपूर_काठ: खटकणारच. रायगडाची लाकडी प्रतिकृती बघताना हा रायगड नव्हे, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. प्रतिकृतीत लपवाछपवी नसते. इथे तर डायलवर दुसऱ्याचं नाव छापलंय.

‘नक्कल’ही जपून वापरा. आपल्याकडे तहसील कचेरीतून सातबाऱ्याची नक्कल काढतात, ती शिक्क्यासकट खरी असते. जुन्या मोडी कागदांत ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा असायचा, म्हणजे अस्सलाशी ताडून घेतलेली प्रत. घड्याळाला एवढा मान कशाला द्यायचा?

नेमका शब्द ‘बनावट’. फक्त प्रत्यय सांभाळा. ‘जपानी बनावटीचं मशीन’ म्हणजे जपानमध्ये घडवलेलं, ‘बनावट जपानी मशीन’ म्हणजे खोटं. विक्रांत ‘भारतीय बनावटीची’ नौका आहे, तिला ‘बनावट भारतीय’ म्हणून बघा बरं!

संगममाहुली: आणि ‘तोतया’?

हरिपूर_काठ: तो माणसांसाठी. 1750 मध्ये ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यावर छत्रपती रामराजांना कैद केलं आणि हा आपला नातू नव्हेच म्हणून जाहीर केलं. तसल्या आरोपाला तोतया शोभतो. मनगटावरच्या वस्तूला गंमत म्हणूनच.

तबकडी: ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ या प्रतवाऱ्या ठरवणारं कुणी नाही. विकणारा म्हणेल तीच प्रत. दागिन्यांत ‘बेन्टेक्स’ म्हटलं की घेणाऱ्याला कळतं वरून मुलामा आहे, घड्याळात तेवढा प्रामाणिक शब्दच नाही. म्हणून शब्द बाजूला ठेवून मशीन, केस आणि पट्टा कशाचा ते विचारावं.

मशीन ओळखण्याची ‘सेकंदकाटा सरकतो की टिचकतो’ ही खूण इथे बहुतेक वेळा निरुपयोगी, कारण असल्या पातळ घड्याळाला बऱ्याचदा सेकंदकाटाच नसतो. चावी न ओढता जागच्या जागी फिरवा. बारीक किरकिर लागली आणि हळूहळू जोर वाढला, तर चावीचं. नुसती मोकळी फिरली, तर सेलचं समजा. सेलचं निघालं म्हणून ते लगेच बनावटही ठरत नाही. कार्तिये स्वतः आपल्या ‘टँक’ नावाच्या घड्याळाची काही मॉडेलं क्वार्ट्झमध्ये, म्हणजे सेलवर चालणारी, देते. ‘ऑटोमॅटिक’ (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं) म्हणून विकलेलं असेल आणि सेकंदकाटा असेल, तर तो सेकंदाला सहा ते आठ बारीक पावलं टाकतो (तासाला 21,600 किंवा 28,800 ठोके). सेकंदाला एकच उडी म्हणजे सेलचं.

‘जपान मशीन’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा मियोटा 2035 हे सेलवरचं जपानी कंपनीचं मशीन किंवा त्याच्या मापाचं काहीतरी असतं. 2035 ला 626 मापाचा सेल लागतो. एसआर 626 एसडब्ल्यू (सिल्व्हर ऑक्साइड, 1.55 व्होल्ट) मागून घ्या. स्वस्तातला एलआर 626 त्याच मापात बसतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरतो, आणि संपलेला तसाच आत राहिला की पाझरून सर्किट खातो. सेल बदलताना मागच्या झाकणाची रबरी रिंग जागेवर बसली की नाही बघा. ती चिमटली किंवा राहून गेली, की जुलैत महाबळेश्वरला काचेखाली वाफ धरलीच. झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ कोरलंय यावर विसंबू नका. कोरायला काय लागतं?

मुलामा आधी उडतो तो पट्टा अडकतो त्या शिंगांच्या आतल्या कोपऱ्यात आणि झाकणाच्या कडेला, कारण घाम तिथे साचतो. खालून पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्ताची मिश्रधातू. खाज सुटली तर बहुधा निकेल. मग घालणं थांबवा.

डायल दहापटीच्या भिंगाखाली घ्या. कार्तियेच्या बऱ्याच डायलांवर रोमन सातच्या, कुठे दहाच्या, एका रेघेत कंपनीचं नाव बारीक अक्षरांत लपवलेलं असतं. बनावटवालेही ते आता छापतात, पण भिंगाखाली अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात. चार ‘IIII’ असा दिसला म्हणून खोटं म्हणू नका, खऱ्यावरही तसाच असतो.

मारुतीरोड: एचएमटी जनतावर नवी रंगीत डायल घालून विकतात, तीही बनावट का?

तबकडी: नाही ओ. आतलं 17 ज्वेलचं मशीन खरं, डायल नवी. त्याला ‘रिडायल’ म्हणतात आणि तेच लिहावं. ‘ओरिजिनल डायल’ म्हणून विकलं, तर मात्र ती फसवणूक. देवनागरी आकड्यांची डायल दिसली म्हणून लगेच संशय नको, तशी एचएमटीने स्वतः काढली होती.

आणि नुसता आकार उचललाय, नाव स्वतःचंच छापलंय, अशी घड्याळं वेगळी. इंग्रजीवाले त्याला ‘होमेज’ म्हणतात. मराठीत ‘टँकच्या धर्तीचं’ म्हटलं की काम भागतं.

संगममाहुली: मग जुनं विकायचं असेल तर ‘कार्तिये टँक, फर्स्ट कॉपी’ असं स्पष्ट लिहिलं की झालं? काहीच लपवलेलं नाही.

हरिपूर_काठ: दादा, तेच करू नका. ट्रेड मार्क्स कायदा 1999, कलम 104: खोटं व्यापारचिन्ह असलेला माल विकणं किंवा विक्रीसाठी जवळ ठेवणं हा गुन्हा. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड. ‘चिन्ह खरं नाही असा संशय यायचं कारण नव्हतं’ असा बचाव त्या कलमात आहे, पण ‘फर्स्ट कॉपी’ लिहिलंत की तो तुम्ही आपल्याच हाताने घालवलात. नुसतं घालण्यावर हे कलम नाही. घरी वापरा. मोडीत काढायचं तर मशीन नि पट्टा घड्याळजीला सुटे भाग म्हणून द्या, आणि डायल खरवडून टाका.